शमशाद भाभीची सात तोळ्याची मेहेर

भिंगारला आमच्या गल्लीत शमशाद भाभीला बाया मागून 'सात तोळे' म्हनायच्या. तोंडावर भाभी, पाठ वळली का सात तोळे. तिला म्हाईत हुतं. एकदा नळावर कुनीतरी म्हनलं, आल्या बघा सात तोळे, तर हिनं कळशी खाली ठिवली अन् दोन्ही मोकळी मनगटं वर करून दाखवली. "बघा गं, कुठं दिसत्यात का? दिसले तर मलाबी सांगा. मीबी लगीन झाल्यापून शोधतीय."

ती माझी भावजय. माझा थोरला भाऊ परवेझ, त्याची बायको. तिला जाऊन सव्वा महिना झाला. मी हुमेरा, कर्जतला दिलेली, चौथी शिकलेली, मराठी शाळेत. मोबाईलवर एका बोटानं लिहितीय. लोक भेटायला येत्यात अन् म्हनत्यात, लई गरीब सोभावाची हुती. आवं कुठं गरीब? मला राग येतो. मेलेल्या बाईला समदे गरीब करून टाकत्यात. ती गरीब न्हवती, हट्टी हुती, अन् तिचा हट्ट खरा हुता. तेवढंच मला सांगायचंय.

तिचं माहेर पुनतांब्याचं. मी नऊ वर्साची असंन तवा तिचा निकाह झाला. आमच्यात निकाहाला मेहेर ठरती. नवऱ्यानं बायकोला द्यायचं असतं ते, तिचा हक. बाकी लोक पाचशे एक्कावन्न, हजार एक असं लिहून मोकळं व्हायचे. हिच्या मामूनं हट्ट धरला, सात तोळे सोनं लिहा. आमच्या अब्बाचं तोंड उतरलं. चार मानसं म्हनली, लिहून टाका वो, उधार तर लिहायची हाय, देतंय कोन. मंग लिहिली. उधार.

अन् तेच खरं हुतं, देतंय कोन. आमच्यात रीतच पडलीय, पहिल्याच दिवशी घरातल्या बाया नव्या नवरीला म्हनत्यात, माफ करून टाक, सवाब लागतो, पुन्य. आमच्या अम्मानंबी म्हनलं. मी तिथंच हुते, बांगड्यांशी खेळत. एकोनीस वर्साची पोरगी, घुंगट डोक्यावर, अन् म्हनती कशी, "अम्मा, माफ करीन ना. आधी हातात तर येऊ द्या. जे आलंच न्हाई ते माफ कसं करू?"

अम्मा दोन दिवस तिच्याशी बोलली न्हाई.

तवापून दर ईदला शीरखुर्म्याची वाटी भाईजानच्या हातात द्यायची अन् इचारायची, "वो, सात तोळ्याचं काय झालं?" भाईजान म्हनायचा, "व्याज लावू नको म्हंजी झालं." ही म्हनायची, "व्याज हराम हाय म्हनून वाचलात. न्हाईतर आजपत्तर अकरा झाले असते." हसायचे दोघं. पन मस्करीत इचारलं म्हनून ती मस्करी न्हवती.

भाईजान लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन. पगार दर महिन्याला, टॅक्स पगारातनंच कापून. आता एक वर्स राहिलंय रिटायरला. त्यानं पीएफातनं पैसे काढून नागरदेवळ्याच्या हद्दीत रस्त्याला लागून चार खोल्या घेतल्या, पत्र्याच्या. घेतल्या त्यानं, पन सांभाळल्या भाभीनं. भाडेकरू तिनं आनले, जवानांच्या बायका, लांब लांबच्या. एकीला तर मराठी येत न्हवती का हिंदी. भाभी तिला हातानं खुनवून सांगायची, मोटर कवा चालू करायची ते. गटार तुंबलं तर बांबू घिऊन ही. पत्रा गळला तर डांबराचा डबा घिऊन ही, शिडीवर, साडीचा काष्टा मारून. भाईजानला कुठली खोली कुनाला दिलीय हेबी धड सांगता यायचं न्हाई.

मंग आठ-नऊ वर्सं झाली असतील, अफ्रीनच्या लग्नाचं बघत हुते तवा. अफ्रीन त्यांची एकुलती एक पोरगी. एक दिवस भाईजान मला फोनवर म्हनला, "हुमेरा, तू ये. तुझ्या भाभीचं तोंड बंद करायचंय." मी गेले. तो म्हनला, "सोनं आता माझ्यानं होत न्हाई. ह्या खोल्यांतला अर्धा हिस्सा तुला मेहेरीच्या बदल्यात देतो. चालतंय का?" भाभीनं पदरानं हात पुसले. मंग म्हनली, "सोन्याचा भाव काढा. जाग्याचा भाव काढा. मंग बोलू." असली बाई! भाव काढले. उन्नीस-बीस निघाले. तवा कुठं म्हनली, "चालतंय."

तिथपत्तर समदं चांगलं हुतं. आता पुढचं लिहिताना मला भाईजानचाबी राग येतो अन् माझाबी.

नगरला रजिस्ट्रीच्या हपिसात कागद करायला गेलो. बाहेर टेबल टाकून बसनारा बन्सी, कागद लिहून देनारा. भाईजाननं सांगितलं, मेहेरीच्या बदल्यात देतोय असं लिहा. बन्सी म्हनला, "चाचा, मेहेर-बिहेर लिहू नका. मोबदला दिसला का मुद्रांक लई लागंल. बायकोला बक्षीस लिहा, दोनशे रुपयाच्या मुद्रांकात काम, वर थोडी फी. समदे असंच करत्यात." भाईजाननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, म्हनला, लिहा मंग बक्षीसपत्र. भाभी तवा पलीकडं फोटो काढायला बसली हुती. तिला ह्यातलं काय म्हाईत न्हाई.

तिला उर्दू वाचता यायचं, मराठी न्हाई. कागद हातात आला तर तिनं माझ्याकडं दिला. "हुमेरा, तू वाच." मी बोट लावून वाचाया लागले. चौथीतलं वाचन माझं. नावं वाचली, गट नंबर वाचला. मंग आलं, 'प्रेमापोटी व विनामोबदला'. विनामोबदला मला कळलं न्हाई, ते सोडलं मी. पन प्रेमापोटी कळलं. मी हसाया लागले. "भाभी, भाईजाननं सरकारी कागदावर प्रेम लिहिलंय तुझ्यावर!" ती लाजली, पन्नाशीला टेकलेली बाई, "चल, चावट," म्हनली, अन् सही केली उर्दूत. साक्षीदार म्हनून खाली मी सही केली. माझी सही हाय त्या कागदावर. रोज आठवतं मला.

पुढं रस्त्याकडच्या दोन खोल्या अन् पुढचं अंगन एका कुरियरच्या कंपनीनं घेतलं. भाडं चांगलं. करारावर सही एकट्या भाईजानची, दोघांनी कशाला जायचं म्हनून. कंपनी टॅक्स कापायची तो भाईजानच्या पॅनवर. अन् रिटर्न भरताना भाडं दाखवलं अर्धं त्याचं, अर्धं भाभीचं, कारन नावं दोघांची. झालं. तिकडं इन्कम टॅक्सच्या कॉम्पुटरला पूर्न भाडं दिसतंय, इकडं अर्धंच. दिवाळीनंतर तीन वर्साच्या तीन नोटिसा आल्या, बाकीचं अर्धं कुठं गेलं?

सावेडीला ज्ञानेश्वर भाऊ म्हनून टॅक्सचं काम करनारे हायत, त्यांच्याकडं गेलो. भाईजान, भाभी अन् मी, मी तवा दाताच्या दवाखान्याला आल्ते म्हनून. ज्ञानेश्वर भाऊंनी बक्षीसपत्र वाचलं अन् चष्मा काढला.

"नाव अर्धं बाईचं हाय हे बरोबर. पन नवऱ्यानं बायकोला फुकट दिलेली जागा असंल तर तिचं भाडं सरकार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. कागदावर तिचं, टॅक्सला तुमचं. न्हाईतर समदेच बायकोच्या नावावर करून टॅक्स वाचवतील ना."

भाभी म्हनली, "फुकट कोन म्हनलं?"

"ताई, तुमच्याच कागदात लिहिलंय. विनामोबदला. म्हंजी काही न घेता."

भाभीनं भाईजानकडं बघितलंच न्हाई. माझ्याकडं बघितलं. "हुमेरा, तू वाचलंतंस ना?"

जमिनीनं फाटून मला आत घ्यावं असं झालं. मी काय सांगू? एक शब्द सोडला अन् तिचा हक गेला.

ती ज्ञानेश्वर भाऊंकडं वळली. "भाऊ, ही जागा फुकट न्हाई. माझी मेहेर हाय."

"मेहेर म्हंजी? हुंडा का?"

"हुंड्याच्या उलटं. नवऱ्यानं द्यायचं."

"असं असतंय व्हय!" ते हसले, मंग एकदम सरळ बसले. "थांबा, थांबा. मेहेर हे नवऱ्यावर देनं असतं का? देनं फेडायला जागा दिली असंल तर ती फुकट धरत न्हाईत. मंग भाडं बाईचंच. पन सिद्ध करावं लागंल. निकाहाचा कागद हाय?"

घरचा कागद कवाच पुरात भिजून गेल्ता. पुनतांब्याला मशिदीच्या दफ्तरात नोंद असंल म्हनून भाभी स्वता गेली. शुगरचा त्रास, पाय सुजलेले. दोनदा एसटी बदलून गेली, दोन चकरा मारल्या, काझीच्या पोरानं कपाट उघडून वही काढली. सात तोळे सोनं, उधार. शिक्का मारून नक्कल आनली. मला फोन केला तवा आवाज असा जसं काय सोनंच सापडलं.

आता भाईजाननं फक्त प्रतिज्ञापत्र करायचं हुतं. की बाबा, मेहेर बाकी हुती, ती फेडायला जागा दिली, कागदावर बक्षीस लिहिलं ते मुद्रांक वाचवायला. एवढंच. पन त्यो टाळाया लागला. आज डेपोत साहेब आलेत. उद्या शुक्रवार हाय. नोटिशीच्या उत्तराची मुदत दोनदा वाढवून घेतली. भाभीनं धरलं तवा म्हनला, "मी सरकारी मानूस. मुद्रांक चुकवला असं लिहून देऊ? पेन्शन अडकवायची का माझी? साठ-सत्तर हजार टॅक्स हाय, भरून टाकतो. तुझ्याकडं तर मागत न्हाई ना?"

भाभी म्हनली, "पैसे भरा नाहीतर नका भरू, ते तुमचं. पन बक्षीस मिळालं असं मी लिहून देनार न्हाई. बक्षीस दिलं म्हनता? मंग माझी मेहेर अजून बाकी हाय. सात तोळे काढा. दोन्हीतलं एक कायतरी खरं करा."

भाईजान चप्पल घालून भाईर गेला.

ह्यानंतर अठरा दिवसांनी ती गेली. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली म्हनली अन् तव्यापाशीच बसली. दवाखान्यात नेईपत्तर संपलं. पुनतांब्याची नक्कल तिच्या शिवनाच्या मशीनच्या डब्यात हुती, प्लास्टिकमधी गुंडाळलेली.

जनाजा उचलायच्या येळंला दारात मानसं जमली. जमातीच्या बुजुर्गांनी इचारलं, जसं इचारत्यात, मय्यतीचं कुनाचं देनं-घेनं असंल तर बोला. अन् परवेझभाई, मेहेर अदा केलीय का? आमी बाया आत, खिडकीपाशी. मी कान देऊन ऐकत हुते. भाईजान मोठ्यानं म्हनला, "अदा केलीय. खोल्यांतला अर्धा हिस्सा दिलाय." मला बरं वाटलं. म्हनलं, चला, चार मानसात तरी बोलला.

अन् तीन हप्त्यांनी अफ्रीनचा फोन. "फुफी, अब्बू उद्या टॅक्सवाल्याकडं चाललेत. सोमवार शेवटची तारीख हाय. बक्षीस मान्य करून पैसे भरून टाकतो म्हनत्यात."

मी कर्जतची पहिली गाडी धरली. सगळ्या रस्त्यानं तोंडातल्या तोंडात भांडत हुते, शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

ज्ञानेश्वर भाऊंच्या हपिसात अफ्रीन हुती, अन् भाईजान बसलेला, दाढी वाढलेली, सदरा मळलेला. भाभी असती तर असल्या सदऱ्यात दाराभाईर पडू दिलं नसतं. मला दया आली, पन मी आवरली. म्हनलं, "भाईजान, मय्यतीच्या दारात तू काय बोलला?"

"हुमेरा, इथं नको."

"इथंच. मेहेर अदा केली म्हनला ना? अन् हितं बक्षीस दिलं म्हनून सही करनार? मंग खोटं कुठं बोलला, मय्यतीपुढं का सरकारपुढं?"

"बाई गेली!" तो एकदम वरडला. "आता कुनाला फरक पडतो कागदात काय हाय? एकटा पडलोय मी. घरात चहाची पत्ती कुठं ठिवली ते मला सापडत न्हाई अन् तुमी मला कागद दाखवता!"

खोटं सांगत न्हाई, मला वाटलं द्यावं सोडून. त्याचंबी दुख खरं हाय.

मंग अफ्रीन बोलली. ती लहानपनापून कमी बोलती, बापावर गेलीय. "अब्बू, तुमी सही करा. माझं काय म्हननं न्हाई. फक्त एवढं सांगा, बक्षीस होतं तर अम्मीची मेहेर आता मला द्यायची ना? वारस मी हाय. सात तोळे."

"अगं, मला लुटायला निघाल्या का मायलेकी!"

"मला नको हाय सोनं. पन मी माफबी करनार न्हाई. अम्मीनं न्हाई केली, मी कशी करू?"

ज्ञानेश्वर भाऊ पेन खाली ठिवून म्हनले, "हे बरं निघालं. मी इचारनारच हुतो. तिनं मधल्या काळात कवा मेहेर माफ तर नव्हती केली? माफ केली असंल तर देनंच उरत न्हाई, मंग मेहेरीचा मुद्दाबी जातो."

भाईजान हसला. हसला म्हंजी काय, तोंड वाकडं केलं अन् डोळ्यांतनं पानी. "माफ? ती? भाऊ, तुमी तिला वळखत न्हाई. सगळ्या भिंगारला इचारा."

"मंग हेच तर पाहिजे! साक्षीदार मिळतील?"

"नळावरच्या सगळ्या बाया," मी म्हनले.

ज्ञानेश्वर भाऊंनी त्याला नीट समजावून सांगितलं. की मुद्रांक कमी पडला असं निघालं तर फरक भरावा लागंल, दंडबी लागंल थोडा. त्यानं पेन्शन जाईल असं त्यांना वाटत न्हाई. अन् उत्तर दिलं तरी वरचा साहेब मानंलच असं न्हाई, कारन नोंदलेल्या कागदात बक्षीस हाय अन् हे तोंडी. "मी खात्री देत न्हाई. वाया जाऊ शकतं समदं. वरून भाड्याचा करार एकट्याच्या नावानं केला, तेबी इचारतील. पहिल्याच दिवशी एक ओळ नीट लिहिली असती तर हे काहीच झालं नसतं."

एक ओळ. दोनशे रुपयाचं काम म्हनून एक ओळ वाचवली मानसानं, अन् मी एक शब्द. अन् ती बाई सुजलेल्या पायानं पुनतांब्याला चकरा मारत राहिली. कुनावर चिडायचं? बन्सीवर? त्यो म्हनंल, समदे असंच करत्यात. सरकारवर? ते म्हनंल, कागद बघा. कागदाला काय, त्याला जे सांगितलं तेच त्यो बोलतो, भाभी कशी जगली ते त्याला काय म्हाईत.

भाईजाननं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मंग म्हनला, "लिहा."

"काय लिहू?"

"खरं ते लिहा. मुद्रांक वाचवायला बक्षीस लिहिलं ते माझ्या नावानं लिहा. बायकोला म्हाईत न्हवतं तेबी लिहा. तिला मी सांगितलं न्हवतं."

ज्ञानेश्वर भाऊ टाइप कराया लागले. माझंबी प्रतिज्ञापत्र केलं, की मी साक्षीदार, मला विनामोबदला कळलं न्हाई, मेहेरीचं बोलनं माझ्यासमोर झालं. त्यांनी इचारलं, शिक्षन? मी म्हनले चौथी. ते म्हनले, बरंय, लिहितो, उपेगी पडंल. जन्मात पहिल्यांदा माझी चौथी कुनाच्या तरी उपेगी पडली.

दुपारी कोर्टाजवळ नोटरी केली, परत आलो, ते समदं कॉम्पुटरवर चढवलं. पुनतांब्याची नक्कल, तिचं मराठी भाषांतर, दोन प्रतिज्ञापत्रं. चढत न्हवतं, दोनदा बंद पडलं, माझ्या जिवात जीव न्हाई. चार वाजता चढलं. पावती आली. मी पावती हातात घेतली, बोट लावून वाचली. भाईजानचं नाव, पॅन नंबर, तारीख. भाभीचं नाव कुठंच न्हाई.

"भाऊ, हितं भाभीचं नाव न्हाई."

"नोटीस त्यांच्या नावानं हाय ना, म्हनून पावती त्यांचीच येती. वहिनींचं नाव आतल्या कागदात हाय."

मरो! जिवंत हुती तवाबी करारावर न्हवती, मेल्यावरबी पावतीवर न्हाई. उत्तर कवा येईल म्हनलं तर म्हनले, सांगता येत न्हाई, महिना, सहा महिने. मान्य होईल का? सांगता येत न्हाई. मंग काय सांगता येतं तुमाला, असं तोंडावर आल्तं, गिळलं मी. भल्या मानसानं दिवसभर काम केल्तं.

भाईजान भाईर जाऊन टपरीवर चार चहा सांगून आला. मी पावती टेबलावर ठिवली अन् म्हनले, "ही तुमाला राहू द्या. मला आतल्या कागदाच्या दोन झेरॉक्स द्या, तिचं नाव हाय त्या पानाच्या. एक अफ्रीनला, एक मला."